तालुक्याच्या कॅज्युअल्टीत रुग्णापाशी कोण बसणार?

रात्री अकरानंतर तालुक्याच्या गावात, एसटी स्टँड सोडलं तर दोनच सरकारी दारं उघडी असतात: पोलीस ठाणं आणि ग्रामीण रुग्णालय. रुग्णालयात शिरलं की लगतच एक खोली लागते. पाटीवर ‘अपघात विभाग’ असतं, बोलताना सगळे कॅज्युअल्टी म्हणतात. दोन-तीन खाटा, ऑक्सिजनचा सिलिंडर, सक्शन मशीन, ड्रेसिंगची ट्रॉली, सलाईनचे स्टँड आणि टेबलावर एमएलसीचं, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या प्रकरणांचं, जाडजूड रजिस्टर. ड्युटीवर एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक कक्षसेवक, ज्याला सगळे मामा म्हणतात. बहुतेक ठिकाणी हीच सिस्टर वॉर्डही सांभाळते, आणि हाच डॉक्टर बाळंतिणीच्या खोलीतही हवा असतो.

या खोलीत काय काय येतं याची कल्पना शहरातल्या माणसाला सहसा नसते. पहाटे साप चावलेला शेतमजूर, दुपारी फवारणी करताना भोवळ येऊन पडलेला तरुण, संध्याकाळी उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली मोटारसायकलवरची दोघं, रात्री झटके यायला लागलेली नऊ महिन्यांची गरोदर बाई, छातीत कळ आलेले निवृत्त गुरुजी, कुत्र्याने तोंडाला चावा घेतलेलं पोर, मळणी यंत्रात हात गेलेला माणूस. मोठ्या शहरात या प्रत्येकासाठी वेगळा विभाग आणि वेगळा डॉक्टर असतो. इथे सगळ्यांसाठी एक टेबल आणि एकच माणूस.

महाराष्ट्रात अशी साडेतीनशेहून अधिक ग्रामीण रुग्णालयं आहेत, बहुतेक तीस खाटांची. खाली जिल्हा परिषदेची प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं, वर उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्ह्याचं सिव्हिल. ग्रामीण रुग्णालय मधल्या पायरीवर आहे आणि ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतं. सरकारी मानकांप्रमाणे सपाट प्रदेशात १,२०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ८०,००० लोकसंख्येमागे असं एक रुग्णालय हवं. म्हणजे या एका खोलीच्या भरवशावर लाखभर माणसं रात्री झोपतात.

या खोलीची चर्चा निघाली की ती रिकाम्या जागांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. सर्जन नाही, भूलतज्ज्ञ नाही, फिजिशियन नाही, बालरोगतज्ज्ञ नाही. तक्रार खरी आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातल्या या पायरीवरच्या रुग्णालयांत तज्ज्ञांची तूट जवळजवळ ८० टक्के होती. पण तातडीच्या आजारांत पहिल्या दोन तासांत जीव कशाने वाचतो हे एकेक करून पाहिलं, तर तज्ज्ञाची गरज वाटते तितक्या वेळा पडत नाही. बहुतेक औषधं स्वस्त आणि जुनी आहेत. बहुतेक तपासण्या हाताने आणि डोळ्यांनी होतात. कमी पडतो तो एका रुग्णापाशी दोन तास न उठता बसू शकेल असा शिकलेला माणूस. माझ्या मते या खोलीचा सगळा प्रश्न तिथे येऊन थांबतो.

सर्पदंशापासून सुरुवात करावी लागते, कारण ग्रामीण कॅज्युअल्टीची खरी परीक्षा तीच आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने अंदाज काढला की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, पावसाळ्यातले, आणि पुष्कळसे घरीच किंवा वाटेत झालेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलं आहे.

आपल्याकडे माणसं मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. प्रतिविषही या चारांवर मिळून एकच बनतं. पण चौघांचं वागणं वेगळं. घोणस चावली की पाय सुजतो, रक्त गोठायचं थांबतं, पुढे मूत्रपिंडं जातात. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताची खूण दिसेलच असं नाही, सूज नाही, वेदना जवळजवळ नाही. माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं. अशा रुग्णाला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं तर दिवस उजाडेपर्यंत त्याचा श्वास थांबलेला असतो. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाला ‘रात्री कुठे झोपला होतात?’ एवढं विचारणं हे निदान आहे. त्याला यंत्र लागत नाही, सवय लागते.

घोणशीच्या विषाची तपासणी तर याहूनही साधी. दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घ्यायचं, नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची, मग तिरकी करून पाहायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की प्रतिविष सुरू. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल फसवा येतो, म्हणून नवी काचेची नळी लागते, आणि वीस मिनिटं घड्याळाकडे पाहणारा माणूस लागतो. गर्दीच्या ओपीडीत या वीस मिनिटांची पंधरा होतात किंवा चाळीस होतात, आणि तपासणीचा अर्थच जातो. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा करायची असते. तोवर पाळी बदललेली असते.

प्रतिविषाच्या सुरुवातीला साधारण आठ ते दहा कुप्या लागतात, लहान मुलालाही तितक्याच, कारण सापाने टोचलेलं विष मुलाच्या अंगात काही कमी होत नाही. तासाभरात सलाईनमधून त्या द्यायच्या. घोड्याच्या रक्तापासून बनलेलं औषध असल्याने अंगावर पित्त उठणं, रक्तदाब कोसळणं, श्वासनलिका आवळणं असं काहीही होऊ शकतं. त्यावर उतारा आहे तो अ‍ॅड्रिनॅलिनचा, काही रुपयांच्या इंजेक्शनचा, पण ते भरून हाताशी हवं आणि पहिला तास कोणीतरी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत बसायला हवं. छोट्या रुग्णालयात प्रतिविष फ्रिजमध्ये असूनही रुग्ण एकही कुपी न देता पुढे पाठवला जातो, त्यामागे बहुधा ही भीती असते. औषधाने रिअ‍ॅक्शन आली आणि मी एकटा असलो तर? वाटेतल्या ऐंशी किलोमीटरमध्ये जे व्हायचं ते होऊन जातं. भीती खोटी नाही. पण ती दूर करायला सर्पदंशाचा तज्ज्ञ लागत नाही, खोलीत दुसरा माणूस लागतो.

या बाबतीत जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. तिथे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण गावातच वाचवले, आणि आसपासच्या डॉक्टरांना, गावकऱ्यांना शिकवलं. दंश झालेल्याला आधी देवळात नेणं, कडुलिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का पाहणं, दोरीने पाय करकचून आवळणं, यात जाणारा वेळ वाचवायचा तर गावाला दवाखान्याचा विश्वास वाटायला हवा. आणि तो विश्वास एखादा माणूस उपचाराने बरा होऊन गावात परतला की येतो. भिंतीवरच्या फलकाने येत नाही.

प्रतिविषाबद्दल एक अडचण मात्र तालुक्याच्या हातातली नाही. त्यासाठीचं विष बहुतांश तमिळनाडूतल्या इरुला सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, हे आता संशोधनातून पुरेसं स्पष्ट झालं आहे. दक्षिणेतल्या विषावर तयार केलेलं औषध कोकणातल्या फुरशावर किंवा विदर्भातल्या घोणशीवर तितकंच चालेल असं गृहीत धरता येत नाही. प्रादेशिक प्रतिविषाचा विषय कितीतरी वर्षं चर्चेत आहे. तो लवकर मार्गी लागावा.

लहानशा सरकारी केंद्रात रुग्णापाशी बसून राहण्याने काय घडू शकतं, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला विंचवाचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणसं, मुलं काही तासांत घाम येऊन, अंग गार पडून, फुप्फुसात पाणी भरून मरत. मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत होतं. बावस्कर रात्र रात्र रुग्णांच्या खाटेपाशी थांबले आणि नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी करत राहिले. त्या नोंदींतून त्यांना उमगलं की विष हृदय आणि रक्तवाहिन्यांवर कसं काम करतं. मग त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध वापरून पाहिलं. मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. त्यांचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले, २०११ मध्ये ‘बीएमजे’ने त्यांची चाचणी प्रसिद्ध केली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सगळं ज्या इमारतीत सुरू झालं ती ग्रामीण रुग्णालयापेक्षाही खालच्या पायरीवरची होती. आज बिरवाडीची गोष्ट आपण एका असामान्य माणसाचं कौतुक म्हणून सांगतो. मला तिच्यात व्यवस्थेला उचलता येण्याजोगी एक गोष्ट दिसते: त्या खाटेपाशी डॉक्टर थांबला होता आणि त्याने लिहून ठेवलं होतं.

विषबाधेतही तेच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर बाधित झाले आणि वीसहून अधिक मेले. कपाशी डोक्यापर्यंत वाढली होती, औषधं एकमेकांत मिसळली जात होती, तोंडावर रुमालाशिवाय काही नव्हतं. चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं, विक्रेत्यांवर आणि कंपन्यांवर बोट ठेवलं गेलं, आणि ते आवश्यकच होतं. त्या काळात दिग्रस, आर्णी, पांढरकवडा अशा गावांकडून यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाणारा रस्ता हाच अनेकांचा पहिला उपचार ठरला. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशकाची बाधा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग घामाने निथळतंय, तोंडातून लाळ, छातीत घरघर. उपाय अ‍ॅट्रोपिन. पण ते एकदा टोचून भागत नाही. दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, मात्रा दुप्पट करायची, घरघर थांबेपर्यंत. मग हळूहळू कमी करत न्यायची. जास्त झालं तर रुग्ण बडबडायला लागतो, ताप चढतो. पुन्हा तेच: अ‍ॅट्रोपिन कपाटात असतं, पाच-पाच मिनिटांनी छाती ऐकणारा कान नसतो.

विष घेऊन आलेल्या माणसांबाबत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. त्यांच्या खाटेभोवती पोलीस, नातेवाईक, कुजबुज आणि कधी कधी दटावणी असते. शुद्धीवर आलेल्या माणसाशी पहिलं वाक्य कोण आणि कसं बोलतं, याला पोटात नळी घालण्याइतकंच महत्त्व आहे. त्या माणसाशी मायेने बोलणारी सिस्टर मी पाहिली आहे, आणि ते तिला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

अपघात आणि बाळंतपण यांतला रक्तस्राव हा तिसरा मोठा भाग. इथे विज्ञानाने या शतकात छोट्या रुग्णालयांना फार मोठी मदत केली आहे. २०१० मध्ये ‘क्रॅश-२’ नावाच्या चाचणीत ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवर ट्रॅनेक्झॅमिक आम्ल वापरून पाहिलं. हे रक्ताची गुठळी टिकवून धरणारं स्वस्त इंजेक्शन आहे. अपघातानंतर तीन तासांच्या आत दिलं तर मृत्यू कमी होतात, उशिरा दिलं तर उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो. २०१७ मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावातही ते उपयोगी असल्याचं दिसलं. आता तीन तासांची मर्यादा आणि तालुक्यापासून सिव्हिलपर्यंतचा रस्ता यांचा हिशेब घाला. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत वेळ गेलेली असते. हे इंजेक्शन द्यायची योग्य जागा तालुक्याची कॅज्युअल्टीच आहे. गरोदरपणातल्या झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेटही तसंच. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीने दाखवलं की ते झटक्यांचा धोका निम्म्यावर आणतं. नितंबांत टोचायची पद्धत तर अशी आहे की प्रशिक्षित सिस्टर ते देऊन मगच रुग्णवाहिका सोडू शकते. रक्तच हवं असेल तेव्हा मात्र अडतं. रक्तसाठवण केंद्र नसलेल्या तालुक्यात बाळंतिणीचं नशीब रस्त्यावर अवलंबून असतं, आणि इथे मात्र भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना पर्याय नाही.

हृदयविकाराबद्दल थोडक्यात. ईसीजी काढून फोनवर हृदयरोगतज्ज्ञाला पाठवणं आता सोपं झालं आहे, गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं आहेत, कोविडनंतर अनेक ग्रामीण रुग्णालयांत ऑक्सिजनची नळी खाटेपर्यंत आली आहे. इंजेक्शन दिल्यावर मॉनिटरकडे पाहत बसायचं कोणी, हा प्रश्न इथेही उरतोच.

मग ड्युटीवरचा डॉक्टर असतो कुठे? हे न पाहता त्याला दोष देणं अन्याय आहे. सकाळी ओपीडी, त्यात शंभर-दोनशे केसपेपर. मधेच पोलीस दारू प्यायलेल्या माणसाला तपासणीसाठी आणतात. विहिरीत सापडलेल्या प्रेताचं शवविच्छेदन याच डॉक्टरला करायचं असतं, आणि पंचनामा झाला की नातेवाईक बाहेर ताटकळत उभे असतात, म्हणून ते लांबवता येत नाही. तालुक्याच्या न्यायालयात साक्षीचं समन्स असतं. यात्रा, मंत्र्यांचा दौरा, शिबिर, लसीकरणाची बैठक. रात्री प्रसूती. डॉक्टर शवविच्छेदनगृहात असताना कॅज्युअल्टीत धाप लागलेलं मूल आलं तर सिस्टर हातात ऑक्सिजनचा मास्क घेऊन मामांना डॉक्टरला बोलवायला पाठवते. इथे निष्काळजीपणाचा शब्द लागत नाही. एका माणसाची दोन ठिकाणी नेमणूक झालेली असते.

हिशेब साधा आहे. आठवड्याचे तास १६८. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला ४८ तास काम करणारी साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर पाच. तीन-चार वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या रुग्णालयात, त्यातलं एखादं पद रिकामं किंवा प्रतिनियुक्तीवर असताना, फक्त कॅज्युअल्टीसाठी राखून ठेवलेला डॉक्टर कागदावरसुद्धा बसत नाही. म्हणून नव्या इमारतींची आणि ट्रॉमा केअर सेंटरच्या कोनशिलांची बातमी वाचली की मी पहिल्यांदा विचारतो, पदं मंजूर झाली का आणि भरली का. महामार्गालगत बांधून झालेली आणि माणसांअभावी अडलेली ट्रॉमा केंद्रं महाराष्ट्राने पुरेशी पाहिली आहेत.

डॉक्टर एवढ्या संख्येने मिळणार नाहीत हे मान्य करून दुसरीकडे काय केलं गेलं, ते पाहण्यासारखं आहे. युगांडाच्या रुकुंगिरी जिल्ह्यातल्या न्याकिबाले या गावच्या मिशन रुग्णालयात २००८-०९ च्या सुमारास तातडीचा छोटा विभाग सुरू झाला. डॉक्टर कायम मिळणार नाही हे धरूनच तिथे परिचारिकांना तातडीच्या उपचारांचं खास, दीर्घ प्रशिक्षण दिलं गेलं, आणि त्या स्वतंत्रपणे रुग्ण पाहू लागल्या. दक्षिण आफ्रिकेत २००४ च्या सुमारास आलेल्या पद्धतीत परिचारिका नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान, शुद्ध आणि चालता येतं की नाही अशा साध्या गोष्टींवरून गुण मांडते आणि रुग्णाला लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असा रंग देते. जागतिक आरोग्य संघटनेने रेडक्रॉससोबत २०१८ मध्ये अशाच कमी साधनांच्या जागांसाठी पायाभूत तातडीच्या उपचारांचा छोटा अभ्यासक्रम तयार केला. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, अंगावरच्या जखमा या क्रमाने प्रत्येक रुग्ण पाहायचा, मग तो विषाचा असो की अपघाताचा.

आपल्याकडे हे करता येईल का? माझं उत्तर हो असं आहे, आणि त्याचा पाया आपल्याकडे आधीच आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेत ९३७ रुग्णवाहिका आल्या, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. हे डॉक्टर बहुतांश आयुर्वेद पदवीधर. त्यांना तातडीचं प्रशिक्षण देऊन गाडीवर बसवलं, तसंच कॅज्युअल्टीतल्या अधिपरिचारिकांना का देऊ नये? तातडीचं वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून देशात २००९ मध्ये मान्य झाली, तिचे पदव्युत्तर डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयांतून तयार होत आहेत. ते तालुक्याला कायमचे राहायला येणार नाहीत. पण जिल्ह्याजिल्ह्यांत सिस्टर-ब्रदरांची तुकडी घडवणं, तिला अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅड्रिनॅलिन, मॅग्नेशियम आणि प्रतिविष सुरू करायचे लेखी अधिकार देणं, आणि तिची इतर वॉर्डांत बदली होऊ न देणं, हे त्यांच्या मदतीने होऊ शकतं. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. प्रशिक्षण घेतलेली सिस्टर सहा महिन्यांत नेत्र विभागात गेली, की केलेलं सगळं वाया जातं.

आता पुढे पाठवण्याबद्दल, कारण लोकांचा राग सगळ्यांत जास्त इथे असतो. ‘रेफर केलं’ हा शब्द तालुक्यात शिवीसारखा वापरला जातो. छोट्या रुग्णालयाने रुग्ण पुढे पाठवणं चूक नाही; डोक्याला मार लागलेल्याला सीटी स्कॅन आणि मेंदूचा सर्जन लागतो, तो तालुक्यात असणार नाही. चूक होते ती पाठवण्याच्या पद्धतीत. सलाईनची सुई लावलेली नाही, मान पट्ट्याने धरलेली नाही, चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी सिव्हिलला रेफर’ एवढंच, कोणतं औषध किती वाजता दिलं ते नाही, आणि तिकडे खाट आहे की नाही हे कोणी फोन करून विचारलेलं नाही.

यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी बोलून ठेवलं आहे. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्थानकावर हाकिम शेख नावाचे शेतमजूर रेल्वेतून पडले, डोक्याला मार लागला. त्यांना पहिल्यांदा नेलं ते तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. सोय नव्हती. मग कोलकात्यातली एकामागून एक सरकारी रुग्णालयं. कुठे खाट नाही, कुठे यंत्र नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात पदरचे पैसे घालून उपचार झाले. १९९६ च्या निकालात न्यायालयाने वेळेवर तातडीचा उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, २५,००० रुपये भरपाई दिली, आणि पुढच्या सूचनाही दिल्या: खालच्या केंद्रात रुग्ण स्थिर करण्याइतकी साधनं, मधल्या रुग्णालयांचा दर्जा वाढवणं, खाटा कुठे आहेत हे सांगणारी मध्यवर्ती यंत्रणा, सुसज्ज रुग्णवाहिका. त्याआधी १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या याचिकेवर न्यायालयाने पोलिसी कागदपत्रांआधी उपचार, असं स्पष्ट केलंच होतं. तेव्हापासून आजवर यातली रुग्णवाहिका आली. खाटांची माहिती एका फोनवर मिळण्याची व्यवस्था तालुक्याच्या डॉक्टरच्या हातात अजून पक्की नाही. तो ओळखीच्या वर्गमित्राला फोन लावतो.

मधली पायरी ढासळली की वरची कशी कोसळते हे नांदेडने दाखवलं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बालकं. औषधांची टंचाई, रिकामी पदं यांची चर्चा झाली. लांबून, अखेरच्या अवस्थेत पाठवलेले रुग्ण हे कारणही प्रशासनाने सांगितलं. ते कारण खरं मानलं तर त्याचा अर्थ एवढाच होतो की त्या रुग्णांच्या वाटेवरच्या तालुक्यांत काहीतरी व्हायला हवं होतं आणि झालं नाही. त्या वेळी सगळ्यांचे कॅमेरे नांदेडकडे होते. भोकर, मुखेड, किनवटच्या कॅज्युअल्टीत किती माणसं रात्री ड्युटीवर असतात हे पाहायला फारसं कोणी गेलं नाही.

डॉक्टर रुग्ण घाईने पुढे पाठवतो त्यामागे मारहाणीची धास्तीही असते. २०१० चा राज्याचा कायदा रुग्णालयांवरील हल्ल्यांना शिक्षा देतो, पण रात्री दोन वाजता जमावासमोर उभ्या असलेल्या एकट्या बंधपत्रित तरुण डॉक्टरला कायद्याचा आधार लांबचा वाटतो. इथेही माणसं वाढवणं हाच उपाय: एक उपचार करेल, एक नातेवाइकांशी बोलेल. बऱ्याच भांडणांची सुरुवात कोणी काही सांगत नाही, यातून होते.

भूगोल या सगळ्याच्या वर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा पुढे पाठवणं हा शब्दच निरर्थक असतो. जे करायचं ते तिथेच. नर्मदाकाठच्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून रुग्ण झोळीतून किंवा बोटीतून खाली येतो. मेळघाटात घाट उतरून येईपर्यंत रात्र सरते. अशा जागी तीन तासांच्या मर्यादेची औषधं कॅज्युअल्टीच्याही अलीकडे, प्राथमिक केंद्रात आणि गाडीत असायला हवीत. हेमलकशाला आमटे दांपत्याने आणि गडचिरोलीत बंग दांपत्याने आरोग्यसेवेचं जे काम उभं केलं त्याकडे पाहून तिथे काही होऊच शकत नाही असं कोणी म्हणू नये. पण संस्थांच्या पुण्याईवर सरकारी दवाखान्याची जबाबदारी टाकूही नये.

पैशाचा अडसर दारात तरी कमी झाला आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. तरी रात्री बाहेरून आणायची चिठ्ठी अनेकदा हातात पडते आणि गावातलं मेडिकल बंद असतं. कॅज्युअल्टीतल्या औषधांचा साठा इतर साठ्यापासून वेगळा ठेवला आणि दर सोमवारी मोजला, तर एवढी अडचण तरी सुटेल. ती वीस-पंचवीस नावांची यादी आहे.

शेवटचा मुद्दा त्या जाडजूड रजिस्टरचा. त्यात रुग्णाचं नाव, पोलिसांचा बक्कल नंबर, जखमांचं वर्णन असतं, कारण ते न्यायालयात लागतं. शेतकरी अपघात अनुदानाचे २ लाख रुपये मागायलाही कुटुंबाला तिथल्याच नोंदी लागतात. रुग्ण दारात किती वाजता आला आणि पहिलं औषध किती वाजता मिळालं, हे मात्र त्यात एकत्र दिसत नाही, आणि पुढे पाठवलेला माणूस जगला की नाही हे तालुक्याला कधी कळतच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार ठरवायला सांगितलं. नोंद करायचीच आहे तर चार वेळा लिहाव्यात: दंश केव्हा, दारात केव्हा, पहिली कुपी केव्हा, पुढे पाठवलं तर केव्हा आणि सोबत कोण होतं. विषबाधेला, अपघाताला, बाळंतिणीला हेच रकाने चालतील, आणि सिव्हिलने महिन्यातून एकदा निकाल उलट कळवावा. ही पानं दर तिमाहीला रुग्ण कल्याण समितीच्या टेबलावर यावीत, रंगकाम आणि पाण्याच्या टाकीच्या विषयांआधी. त्या समितीत लोकप्रतिनिधी असतात. कॅज्युअल्टीची सिस्टर रात्री एकटी का आहे, याचं उत्तर मुंबईहून आणण्याची ताकद त्यांच्याकडेच आहे.